व्यवस्थापन प्रवेशाची तयारी आणि विद्यार्थ्याची दिनचर्या

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणारा अंतिम वर्षाचा विद्यार्थी एकाच वेळी दोन वेळापत्रके सांभाळत असतो. भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ परीक्षा सर्वसाधारणपणे नोव्हेंबरअखेरच्या रविवारी होते. त्याच सुमारास विद्यापीठाच्या सत्र परीक्षाही असतात. ‘कॅट’मध्ये बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास 1 गुण वजा होतो, राज्याच्या सीईटीत गुणकपात नाही. म्हणजे एका परीक्षेसाठी प्रश्न सोडून देण्याची, तर दुसरीसाठी एकही न सोडण्याची सवय लावावी लागते. सकाळी तासिका, सायंकाळी शिकवणी, रविवारी सराव चाचणी या क्रमात कागदपत्रे मागे पडतात. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यास चांगले गुण असूनही राखीव जागेवरील प्रवेश धोक्यात येतो. म्हणून या अर्जाची आठवण महाविद्यालयाने द्वितीय वर्षातच करून देणे हितावह ठरेल.