चिचेन इत्साची सहल आणि कारागिराचा वाटा

मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोकांची प्राचीन नगरे आहेत. त्यांत चिचेन इत्सा हे सर्वांत प्रसिद्ध. समुद्रकाठच्या कानकुन शहरापासून ते सुमारे 200 किलोमीटरवर आहे. तेथवर वाटाड्यासह एका दिवसाची सहल नेणे हा त्या भागातला मोठा धंदा आहे. 2019 साली आम्ही अशाच एका बसने गेलो. अवशेष तर पाहिलेच, पण व्यापारी माणसाची नजर हिशेबावरही जाते. तो हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सकाळी सातला बस निघाली. अडीच तासांनी थांबली ती अवशेषांपाशी नव्हे, तर एका भल्यामोठ्या दुकानापाशी! लाकडी मुखवटे, चांदीचे दागिने, काळ्या ज्वालामुखी काचेच्या मूर्ती यांची तेथे रास होती. पाऊण तास तेथेच गेला. वाटाड्याला विचारले तेव्हा त्याने काही लपविले नाही. येथील विक्रीवर त्याला व चालकाला वाटा मिळतो आणि सहलीचे तिकीट स्वस्त ठेवता येते ते त्यामुळेच, असे त्याने सांगितले.

त्यानंतर चिचेन इत्सा आले. प्रवेशाच्या पैशाचे दोन भाग होतात. एक युकातान राज्याकडे जातो, दुसरा केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेकडे. आत शिरताच सुमारे 30 मीटर उंचीचा कुकुल्कान पिरॅमिड दिसतो. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्यावरची एक, अशा 365 पायऱ्या. जणू वर्षाचे दिवस दगडात मोजून ठेवले आहेत. मार्च व सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, तेव्हा कठड्यावरून ऊन-सावलीचा साप उतरताना दिसतो. 2006 पासून वर चढण्यास मनाई आहे.

हे नगर मोठे झाले त्यात व्यापाराचा वाटा मोठा होता. उत्तर किनाऱ्यावरचे मीठ येथून बाहेर जाई. मध्य मेक्सिको व ग्वाटेमालातून हत्यारांची काळी काच येई, ग्वाटेमालातून हिरवा जेड दगड येई. कोकोच्या बिया नाण्यासारख्या चालत. 1502 साली होंडुरासजवळ कोलंबसाला एक मोठी व्यापारी होडी भेटली. ती माया लोकांची असावी असे मानतात. तिच्यात सुती कापड, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि कोको होता. एखादी बी खाली पडली तरी होडीतले लोक धावून उचलत, हे पाहून स्पॅनिश लोक चकित झाले.

आपल्या ओळखीची एक गोष्टही या मुलखात आहे. माया कारागीर इमारतींच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या तुळया बसवीत. त्यांतील काही हजार वर्षांनंतरही शाबूत आहेत. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत पिकणारा चिकू मूळचा याच भागातला.

अवशेषांच्या वाटांवर दुतर्फा विक्रेते बसले होते. त्यांच्या तेथे बसण्यावरून सरकारशी वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. त्यांत शेजारच्या पिस्ते गावचा एक कोरीवकाम करणारा होता. पटाशी चालवीत तो म्हणाला, ‘‘हा मुखवटा दोन दिवसांचे काम आहे.’’ तसाच मुखवटा सकाळच्या दुकानात सुमारे तिप्पट भावाने होता. पण तोवर आमच्या बसमधल्या बहुतेकांचे खिसे रिकामे झाले होते आणि वाटाडा घड्याळ दाखवून घाई करीत होता.

दलाली घेणे हा गुन्हा नव्हे. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न आहे तो एवढाच की, हा मोबदला कोणाच्या ताटातून निघतो? येथे प्रवाशाचा वेळ आणि कारागिराची विक्री, दोन्ही त्यात गेले.

डिसेंबर 2023 पासून ‘माया रेल्वे’ सुरू झाली आहे. चिचेन इत्साजवळ तिचे स्थानक असल्याने बसवाचूनही प्रवासी येऊ शकतो. पण रस्ता बदलला म्हणून कारागिराची रोजी आपोआप वाढत नाही. पर्यटनस्थळी धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दुकानदाराने मालावर करणाऱ्याचे व गावाचे नाव लिहावे. कारागिराने शक्य तेथे गिऱ्हाईकासमोर बसून काम करावे. आम्ही मुखवटा घेतला तो त्या पटाशीचा आवाज ऐकूनच. भावात घासाघीस करावी असे मग वाटलेच नाही.