विमानतळ उलव्याला, कंट्रोल रूम गुरगावला

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं सुटू लागली. बारावी झालेल्या मुलांच्या घरी 'एव्हिएशन'चा विषय निघाला की गाडी पायलट, केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफ या तिघांपाशीच थांबते. फ्लाइट डिस्पॅचरचं नाव कुणी काढत नाही. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवणारा, आणि सुटल्यापासून उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणारा हा माणूस. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कर्जतकरांना हे काम समजायला जड जाऊ नये. बोरघाटाच्या 37 ला 1 या चढासाठी रेल्वेगाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, पण कोणती गाडी आधी सोडायची आणि कोणती थोपवायची हे दूर बसलेला कंट्रोलर ठरवतो. डिस्पॅचर त्याचाच आकाशातला भाऊबंद. मात्र विमानतळ दाराशी आला म्हणून या पेशात पुढे जाणं सोपं झालं, हा समज काढून टाकायला हवा. इथे बढती मिळते ती आपल्या निर्णयाचा आवाका वाढवल्याने, आणि त्याचा विमानतळाच्या अंतराशी फारसा संबंध नाही.

निर्णय म्हणजे काय, ते जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी कळतं. जेट विमानाच्या इंधनाचा हिशेब ठरलेला असतो: प्रवासाला लागणारं, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण 5 टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि शेवटी 30 मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव. मुंबईला जाणाऱ्या विमानासाठी नवी मुंबई हा पर्याय कागदावर झकास दिसतो. जवळ, म्हणून इंधन कमी. पण सह्याद्रीला अडलेला ढग माथेरान-प्रबळगडापासून समुद्रापर्यंत पसरला की तो सांताक्रूझ आणि उलवे असा भेद करत नाही. मग अहमदाबाद किंवा हैदराबाद धरायचं का? तसं केलं तर वजन वाढतं, आणि जास्तीचं इंधन वाहून नेण्यातही इंधन जळतं. शिवाय कधी माल उतरवावा लागतो. हवामान अंदाजातला 'टेम्पो', म्हणजे अधूनमधून येणाऱ्या सरीसारखा तात्पुरता बदल, नेमका उतरण्याच्या वेळेवर पडतो का, हे वाचून डिस्पॅचरने ठरवायचं. ऑगस्ट 2015 मध्ये दोहाहून कोचीला आलेलं जेट एअरवेजचं विमान तिथे उतरू शकलं नाही. ते तिरुवनंतपुरमला वळलं, तिथेही दिसेना, आणि अनेक प्रयत्नांनंतर इंधन अगदी तळाला गेलेलं असताना उतरलं. ठरलेलं ठिकाण आणि पर्याय एकाच हवामानात सापडले, तर पर्याय नावापुरताच उरतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळं आता संगणक करतो. खरं आहे. मार्ग आणि इंधन काढणाऱ्या प्रणाली क्षणात डझनभर मार्ग तपासतात आणि माणसापेक्षा चांगला हिशेब करतात. पण त्या हिशेब करतात तो दिलेल्या अटींवर. 2019 मध्ये पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद राहिलं, तेव्हा इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला दोह्यात इंधनासाठी थांबावं लागलं. एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांवर तीच पाळी पुन्हा आली. अशा वेळी वळसा किती घ्यायचा, कुठे थांबायचं, वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांत ते बसतं का, ही गाठ सोडवायला माणूसच लागतो. ज्याला फक्त प्रणालीची बटणं येतात त्याची नोकरी संगणकामुळे धोक्यात आहे, हेही मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेवटचा शब्द कप्तानाचा, मग डिस्पॅचरला किंमत काय? अमेरिकेत 1935 च्या मे महिन्यात मिसुरी राज्यात टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं विमान कोसळलं आणि सिनेटर ब्रॉन्सन कटिंग गेले. त्यावरून उठलेल्या वादळातून 1938 चा विमान वाहतूक कायदा आला. आज तिथे उड्डाणाची जबाबदारी कप्तान आणि डिस्पॅचर दोघांची, असं नियमच सांगतात. आपल्याकडे डिस्पॅचर हा मुख्यतः साहाय्यक. पण ज्याच्या शब्दावर कप्तानाचा भरवसा बसतो, त्याचा अधिकार नियमात लिहिलेल्यापेक्षा मोठा होतो. कंपनीतही वरच्या जागेसाठी तोच आठवतो.

ती वाट सहसा अशी जाते: ऑपरेशन्समधला मदतनीस, मग मान्यताप्राप्त डिस्पॅचर, मग पाळीचा प्रमुख. पुढे फाटे फुटतात. कुणी मार्गांचं नियोजन करतो, कुणी विमानांच्या कामगिरीची गणितं, कुणी प्रशिक्षण किंवा सुरक्षा. नव्या जातीच्या विमानाचं आणि लांब पल्ल्याच्या मार्गांचं काम ज्याने अंगावर घेतलं, त्याचं पाऊल लवकर पुढे पडतं. एकाच पाळीत एकाच छापाची देशांतर्गत उड्डाणं सोडत बसलेला दहा वर्षांनीही तिथेच दिसतो. यासाठी घर सोडावं लागेल, कारण इंडिगो आणि एअर इंडिया यांची नियंत्रण केंद्रं गुरगावला आहेत. अकासा एअरचं मुख्यालय तेवढं मुंबईत. कर्जत-पनवेल लोकलने उलवे जवळ येईल, गुरगाव नाही. उलव्याला वजनाचं गणित आणि उड्डाणांचा समन्वय अशी कामं मिळतात, आणि पहिली पायरी म्हणून ती वाईट नाहीत. पण कोर्सचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणून विमान सोडता येत नाही. कंपनीचं प्रशिक्षण आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची मान्यता लागते. परवान्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान वय 21 वर्षं, आणि अर्जाआधीच्या सहा महिन्यांत 90 दिवस देखरेखीखाली केलेलं काम, अशा अटी आहेत. म्हणून भरमसाट फी सांगणाऱ्या संस्थेला आधी विचारावं, हे 90 दिवस कोणत्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये भरणार? उत्तरात कंपनीचं नाव आलं नाही, तर चेकबुक खिशातच राहू द्यावं.