क्लब बंद पडतात, कोच उरतो: डेरिक परेरांची गोष्ट

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "तर मग" काढलेत, बाकी बोललो तसंच.

मागच्या भागात आपण कोरियाच्या होंग म्युंग-बोबद्दल बोललो होतो. चार वर्ल्डकप खेळलेला बचावपटू, २००२ साली चौथ्या आलेल्या कोरियाचा कॅप्टन. पुढे कोच म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्राँझ, आणि २०२२, २०२३ असं सलग दोनदा उल्सान क्लबला लीगचं विजेतेपद. त्यावर कराडच्या एका श्रोत्याने विचारलं, "आपल्याकडे असं कोण आहे?" मला लगेच आठवलं ते नाव डेरिक परेरा.

आधी एक प्रश्न: बचावपटू चांगला कोच का होतो?

सांगलीला इंजिनिअरिंग करताना मी हॉस्टेलच्या टीममध्ये राइट बॅक होतो. फार भारी नव्हतो. एकदा आमचे तिघे बचावपटू एकदम पुढे सरकले आणि मी एक पाऊल मागेच राहिलो. त्या एका पावलामुळे समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड झाला नाही. गोल. तिघांचं काम बरोबर होतं, चौथ्याने घालवलं.

बचाव हे असं सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे. शिवाय मागे उभं राहिलं की जवळपास सगळं मैदान समोर दिसतं. म्हणून चांगला बचावपटू सतत बोलत असतो: "वर ये", "डावीकडे बघ", "त्याला सोडू नकोस". पायाने कमी आणि तोंडाने जास्त खेळतो म्हणा ना. कोच दुसरं काय करतो? तेच, फक्त रेषेबाहेर उभं राहून.

गोव्यातून मुंबई, मुंबईतून पुणे

परेरा गोव्याचे. साळगावकर क्लबचे बचावपटू, भारताकडूनही खेळले. १९८८ आणि १९८९ असा सलग दोन वर्षं फेडरेशन कप जिंकणारा साळगावकर त्याच काळातला.

कोच म्हणून त्यांचं मोठं नाव झालं ते मुंबईत, महिंद्रा युनायटेडमध्ये. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग या टीमने जिंकली. ही लीग ११ मोसम चालली आणि ती जिंकणारा मुंबईचा हा एकमेव क्लब. कोलकाता आणि गोव्याच्या मक्तेदारीत हे सोपं नव्हतं.

२००९ मध्ये ते पुणे एफसीत आले. क्लब जेमतेम दोन वर्षांचा. पहिल्याच मोसमात आय-लीगमध्ये तिसरा नंबर, आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. साताऱ्याहून मुंबईच्या एसटीने जाताना बायपासला बालेवाडी लागतं ना, तेच पुणे एफसीचं घर. मी तेव्हा शाळेत होतो. आपल्या रस्त्यावरची एक टीम देशात दुसरी आलीय, याचं मला केवढं अप्रूप होतं!

मग साळगावकर, आणि २०१५ मध्ये पुन्हा पुणे, या वेळी डीएसके शिवाजियन्स.

आता मुद्द्याची गोष्ट

महाराष्ट्रातल्या या तिन्ही क्लबांची नावं परत वाचा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर नाही. तीनपैकी आज एकही नाही. आणि त्यात टीम हरत होती म्हणून बंद झाली असंही म्हणता येत नाही. महिंद्राकडे विजेतेपद होतं, पुण्याकडे दुसरा नंबर.

कारण साधं आहे. तिन्ही क्लब उद्योगसमूहांच्या पैशावर उभे होते. तिकीट आणि टीव्हीतून खर्च निघत नव्हता, त्यामुळे मालकाचं मन किंवा खिसा बदलला की संपलं. २०१४ मध्ये आयएसएल आली, झगमगाट तिकडे गेला आणि आय-लीगचे क्लब आणखी अडचणीत आले.

पण कंपनीचा क्लब म्हणजे तो बुडणारच, असंही नाही. कोरियात पोहांगमागे पोलाद कंपनी, उल्सानमागे ह्युंदाई, आणि दोन्ही क्लब ४० वर्षांहून जास्त टिकलेत. सोंगनामच्या क्लबातून कंपनीने अंग काढलं, तेव्हा शहराने तो ताब्यात घेतला. पडणाऱ्याला धरायला मागे कोणीतरी होतं. बचावात याला कव्हर म्हणतात.

आपल्याकडे असं कव्हर मी एकाच ठिकाणी पाहिलंय: कोल्हापुरात. हॉस्टेलवरून आम्ही एसटी पकडून शाहू स्टेडियमवर जायचो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळं पेठांची आहेत. कुणी मालक मेल पाठवून पेठ बंद करू शकत नाही. मात्र तालमीकडे देशाच्या लीगमध्ये उतरायचा पैसा नाही. एकीकडे पैसा आहे, मुळं नाहीत. दुसरीकडे मुळं आहेत, पैसा नाही.

मग उरलं काय?

माणसं उरली. अनस एडथोडिका २०११ मध्ये पुणे एफसीत आला तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. २०१७ मध्ये, तिशीत, तो भारताचा सेंटर बॅक झाला. जेजे लालपेखलुआ पुण्यातूनच पुढे आला. अराता इझुमीने भारताचं नागरिकत्व घेऊन निळी जर्सी घातली. हे तिघेही परेरांच्या हाताखाली खेळलेले.

आणि परेरा? ते एफसी गोवाचे टेक्निकल डायरेक्टर झाले. डिसेंबर २०२१ मध्ये मोसमाच्या मधेच कोच हुआन फेरांदो सोडून गेले, तेव्हा टीम यांच्याकडेच आली. गोवा त्या वर्षी खालच्या अर्ध्यात राहिला. पण जागा रिकामी पडल्यावर मागून येऊन उभं कोण राहिलं? जुना बचावपटूच.

हे मला का लागलं, सांगतो. मी तीन वर्षं ज्या प्रॉडक्टवर राबलो, ते मागच्या वर्षी एका मेलवर बंद झालं. कोड कुठल्यातरी सर्व्हरवर पडून आहे. आठवडाभर वाटलं, सगळं वाया गेलं. मग एक दिवस माझ्या हाताखाली शिकलेल्या ज्युनिअरचा फोन आला. नव्या कंपनीत तो आता दुसऱ्यांचा कोड तपासतो. म्हणाला, "दादा, तुझ्यासारखाच कटकट करतो मी."

लगेच अनस आठवला. भेटू पुढच्या भागात.