विश्लेषण : तुरुंगाचे पहारेकरीच संपावर, २ हजारांहून अधिक बडतर्फ... न्यूयॉर्कमध्ये नेमके काय घडले?

कैद्यांनी तुरुंगात बंड केल्याच्या बातम्या आपण वाचतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २०२५च्या फेब्रुवारीत उलटे घडले. कैदी आत राहिले आणि पहारेकरी बाहेर पडले. २२ दिवस चाललेल्या या संपाने तुरुंगातल्या नोकरीचे वास्तव चव्हाट्यावर आणले.

संप कसा सुरू झाला?

१७ फेब्रुवारीला कॉलिन्स आणि एल्मायरा या दोन तुरुंगांतील कर्मचारी कामावर गेलेच नाहीत. बर्फात शेकोट्या पेटवून ते फाटकाबाहेर उभे राहिले. काही दिवसांतच राज्यातील ४२ पैकी बहुतांश तुरुंगांत हे लोण पसरले. विशेष म्हणजे कर्मचाऱ्यांच्या अधिकृत संघटनेची या संपाला मान्यता नव्हती. न्यूयॉर्कच्या १९६७च्या ‘टेलर लॉ’नुसार सरकारी कर्मचाऱ्यांना संपाची परवानगी नाही. संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार कापला जातो. तरीही हजारो जण उतरले.

‘७० टक्के म्हणजेच १०० टक्के’?

मुख्य कारण मनुष्यबळाचे. थोडे गणित करू. तुरुंगातल्या एका दारावर चोवीस तास माणूस हवा, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक कर्मचारी ४० तास काम करतो. म्हणजे त्या एका दारासाठी चारपेक्षा जास्त माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की पाच. त्यातला एक नोकरी सोडून गेला तरी दार उघडे ठेवता येत नाही. मग पाळी संपवून घरी निघालेल्याला थांबवले जाते. सक्तीचा ओव्हरटाइम हाच. १६ तासांची पाळी नेहमीची, कधी सलग २४ तास, अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. थकून आणखी काही जण नोकरी सोडतात आणि उरलेल्यांच्या पाळ्या आणखी लांबतात.

अशात तुरुंग विभागाच्या आयुक्तांचे एक परिपत्रक फुटले. मूळ मनुष्यबळाच्या ७० टक्के हेच आता १०० टक्के समजावे, असा त्याचा आशय होता. आहे त्या माणसांत भागेल एवढ्याच जागा चालवायच्या, हा विभागाचा हिशेब. कर्मचाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘ही टंचाई आता कायमची’ असा घेतला. तो अगदीच चुकीचा होता, असे म्हणता येत नाही.

‘हॉल्ट’ कायद्यावर राग का?

२०२१मध्ये मंजूर झालेला हा कायदा मार्च २०२२पासून लागू झाला. त्यानुसार कैद्याला सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडीत ठेवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘मंडेला नियमां’तही हीच मर्यादा आहे. शिक्षेचा धाक गेला आणि हल्ले वाढले, असे कर्मचारी म्हणतात. माणसेच नसतील तर कैद्यांना कोठडीबाहेर काढणार कोण, त्यामुळे कायदा नीट राबवलाच गेला नाही, असे कैद्यांच्या हक्कांसाठी काम करणारे म्हणतात. म्हणजे वाद पुन्हा मनुष्यबळापाशीच येतो.

दुसरी बाजू काय?

ही बाजू टाळून चालणार नाही. डिसेंबर २०२४मध्ये मार्सी तुरुंगात बेड्या घातलेल्या ४३ वर्षांच्या कैद्याला कर्मचाऱ्यांनी जबर मारहाण केली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. गणवेशावरील कॅमेऱ्यांत ते दृश्य आले होते. संप सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी या प्रकरणात दहा कर्मचाऱ्यांवर आरोप निश्चित झाले, त्यातील सहा जणांवर खुनाचे. लक्ष वळवण्यासाठीच संप झाला, असा आरोप तेव्हा झाला. मार्सीशेजारच्याच मिड-स्टेट तुरुंगात १ मार्चला, संप सुरू असतानाच, २२ वर्षांच्या कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यातही पुढे कर्मचाऱ्यांवरच गुन्हे दाखल झाले.

संपाची झळ कैद्यांनाही बसली. राज्यभर नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या. अनेकांना दिवसच्या दिवस कोठडीत काढावे लागले.

संप मिटला कसा?

गव्हर्नर कॅथी होकुल यांनी तुरुंगांत नॅशनल गार्डचे हजारो जवान उतरवले. १९७९च्या संपातही हाच मार्ग वापरला गेला होता. संपकऱ्यांचा आरोग्य विमा थांबवला गेला. फेब्रुवारीअखेरचा पहिला करार अनेकांनी धुडकावला. अखेर १० मार्चला संप संपला. १२ तासांच्या पाळ्या, ‘हॉल्ट’मधील काही तरतुदींना ९० दिवसांची स्थगिती आणि या कायद्याचा आढावा घेण्यासाठी समिती, एवढे पदरात पडले. मुदतीत न परतलेल्या २ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले आणि राज्य सरकारच्या अन्य नोकऱ्यांची दारेही त्यांना बंद झाली.

म्हणजे माणसे कमी म्हणून संप झाला आणि संपानंतर माणसे आणखी कमी झाली. पुढे महिने उलटले तरी नॅशनल गार्डचे जवान तुरुंगांतच होते. भरतीसाठी उमेदवार मिळावेत म्हणून राज्याने किमान वयाची अट २१ वरून १८ वर्षांवर आणली.