नांगराखालची अंडी

बसा, जवळ सरका. आज राजाराणी नको. आज एका शेतकऱ्याची आणि एका टोळाची गोष्ट सांगतो. दोघेही अमेरिकेतले, आणि दोघेही एका जागी न टिकणारे. शेतकऱ्याचं नाव चार्ल्स इंगल्स. त्याची दुसरी मुलगी लॉरा उतारवयात लेखिका झाली, तिने बालपणाच्या गोष्टी लिहिल्या आणि त्या जगभर गेल्या. म्हणून हा माणूस आपल्याला ठाऊक. नाहीतर पोटासाठी बैलगाडीत संसार भरून गाव बदलणाऱ्याची आठवण कोण ठेवतो?

चार्ल्सचा जन्म 10 जानेवारी 1836 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा नावाच्या गावचा. ते बेट नव्हे रे, हे आपलं साधं खेडं. पोरवयातच घरचे पश्चिमेकडे सरकले, आधी इलिनॉय, मग विस्कॉन्सिन. तिथे शेजारी क्वायनर नावाचं कुटुंब होतं. आपल्याकडे पूर्वी साटंलोटं करायचे ना, त्याच्यावरही ताण झाली. इंगल्सांच्या तीन भावंडांची लग्नं क्वायनरांच्या तीन भावंडांशी लागली. 1860 साली चार्ल्सने कॅरोलिनशी लग्न केलं. ती शाळेत शिकवलेली, नीटनेटकी, कुठेतरी एकदाचं स्थिर व्हावं असं मनापासून वाटणारी. आणि हा फिडल वाजवणारा, लांबचं मोकळं रान दिसलं की पाय खाजणारा. मेरी, लॉरा, कॅरी आणि ग्रेस अशा चार मुली झाल्या. एक मुलगाही झाला, त्याचं पुढे सांगतो.

1862 साली अध्यक्ष लिंकनने एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने कुणाही प्रौढ माणसाला 160 एकर सरकारी जमीन मिळायची. अट एवढीच की नोंदणीची थोडी फी भरायची, त्या जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं राहून ती कसायची, मग सातबारा तुमच्या नावावर. कुळं आपल्याकडे काय काय सोसत होती ते आठवा आणि मग 160 एकर म्हणजे काय ते समजा. फक्त एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. तिथे आधीपासून माणसं राहत होती, त्यांना कधी करार करून, कधी लढाई करून हुसकून लावलं होतं. खुद्द चार्ल्स 1869 मध्ये कॅन्ससमध्ये जाऊन राहिला ती जमीन ओसेज लोकांची होती, कायद्याने त्याला तिथे खुंटी ठोकायचाही हक्क नव्हता. दोन वर्षांत तिथून उठून विस्कॉन्सिनला परतला.

मग 1874 मध्ये मिनेसोटा. वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ प्लम क्रीक नावाचा ओढा होता. त्या ओढ्याच्या काठात खोदलेल्या मातीच्या घरात कुटुंब उतरलं आणि चार्ल्सने गहू पेरला. जमीन काळी, सुपीक, एकही दगड नाही. आता तुम्ही विचाराल की इतकी चांगली जमीन आधीचे लोक विकतात कशी काय? विचारायलाच हवं होतं. चार्ल्सने बहुधा विचारलं नाही. कारण आदल्याच वर्षी तिथे टोळ उतरले होते.

तो होता रॉकी पर्वतातला टोळ. दिसायला आपल्या बांधावरच्या नाकतोड्यासारखाच, फक्त पंख शरीरापेक्षा लांब. एकटा असताना अगदी निरुपद्रवी. मग त्याचा राक्षस कसा होतो? याचं कोडं सुटायला फार वर्षं लागली. 1921 साली बोरिस उवारोव्ह नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने दाखवलं की एकटा राहणारा नाकतोडा आणि थव्याने उडणारा टोळ ही पुष्कळदा एकाच जातीची दोन रूपं असतात. दुष्काळ पडला, हिरवळ कमी झाली, की सगळे नाकतोडे उरलेल्या थोड्याशा चाऱ्यावर जमतात. गर्दीत एकमेकांना धक्के लागतात. आफ्रिका-आशियातल्या वाळवंटी टोळावर पुढे प्रयोग झाले. त्यात शास्त्रज्ञांनी नाकतोड्याच्या मागच्या पायाच्या मांडीला नुसत्या कुंचल्याने गुदगुल्या केल्या, आणि दोनेक तासांत तो एकलकोंडा किडा गर्दी शोधू लागला! 2009 मध्ये कळलं की अशा वेळी त्याच्या शरीरात सेरोटोनिन नावाचं द्रव्य वाढतं, तेच द्रव्य जे आपल्याही मेंदूत असतं. घरी कुणाशी चार शब्द न बोलणारा माणूस वारीत शिरला की टाळ घेऊन नाचायला लागतो, तसं काहीतरी. पुढच्या पिढ्यांत तर रंगही बदलतो आणि अंगाची ठेवणही.

तुम्हाला आठवत नसेल, पण 2020 च्या मे महिन्यात आपल्या अमरावती, वर्धा, नागपूरकडे हाच वाळवंटी टोळ राजस्थान-मध्य प्रदेशातून आला होता. शेतकऱ्यांनी थाळ्या-डबे बडवले, धूर केला, रात्री झाडांवर बसलेल्या थव्यांवर बंबांनी औषध फवारलं. संत्र्यांच्या बागांवर केवढी धास्ती होती! आणि तो थवा तर चार्ल्सने पाहिलेल्या टोळांपुढे काहीच नव्हे.

चार्ल्सच्या वेळी सूर्य झाकोळला. पाऊस येतोय म्हणून लोक बाहेर आले, तर ढग चकाकत होता, आणि त्यातून पाण्याऐवजी किडे पडायला लागले. लॉराने हे नंतर लिहून ठेवलंय. गहू गेला, गवत गेलं, झाडांची पानं, भाजीपाला, कांदे सगळं गेलं. माणसांच्या घामाचं मीठ लागलेले अवजारांचे दांडेसुद्धा ते कुरतडायचे. रुळांवर चिरडलेल्या टोळांमुळे रूळ इतके बुळबुळीत व्हायचे की आगगाडीची चाकं जागच्या जागी फिरत राहायची. कुणी पिकावर पांघरुणं घातली, तर टोळांनी आधी पांघरुणं खाल्ली आणि मग पीक.

किती टोळ असतील? याचा हिशोब एका चौकस माणसाने केला. नेब्रास्कामध्ये अल्बर्ट चाइल्ड नावाचा गृहस्थ हवामानाच्या नोंदी ठेवायचा. 1875 च्या उन्हाळ्यात डोक्यावरून टोळ जायला लागले आणि ते पाच दिवस जातच राहिले. त्याने त्यांचा वेग मोजला. मग इतर गावांना तारा करून विचारलं, तुमच्याकडेही आहेत का? गुणाकार केल्यावर थव्याचं क्षेत्रफळ आलं 1 लाख 98 हजार चौरस मैल. आपला अख्खा महाराष्ट्र 1 लाख 19 हजार चौरस मैलांच्या आतबाहेर आहे. म्हणजे महाराष्ट्र झाकून वर आणखी निम्म्याहून जास्त उरेल. त्यावरून नंतर कुणी अंदाज बांधला, साडेबारा लाख कोटी टोळ. हा अंदाज आहे हं, कुणी एकेक मोजला नव्हता. पण निम्मा चुकला असं धरलं तरी काय फरक पडतो?

माणसांनी काय काय नाही केलं. लोखंडी पत्र्याला डांबर फासून तो घोड्यांमागे शेतातून ओढायचे, उडालेले टोळ त्याला चिकटायचे, ते गोळा करून जाळायचे. मिझुरीचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली म्हणाला, ते आपल्याला खातात तर आपण त्यांना खाऊ. आणि त्याने खरोखर टोळांचं सूप आणि तळलेले टोळ पाहुण्यांना वाढले. लोकांना ते रुचलं नाही. मिनेसोटाचा गव्हर्नर पिल्सबरी, त्याने 26 एप्रिल 1877 हा सार्वजनिक प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. त्याच उन्हाळ्यात टोळ उठले आणि निघून गेले. प्रार्थना करणाऱ्यांनी त्याचं श्रेय देवाला दिलं, न करणाऱ्यांनी वाऱ्याला.

पण चार्ल्सच्या घराला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पीक बुडालं तेव्हा तो पूर्वेकडच्या शाबूत शेतांवर कापणीच्या मजुरीला गेला, गाडीभाडं नव्हतं म्हणून पायी. 1875 च्या नोव्हेंबरअखेर त्याने एका कागदावर सही केली: माझ्याजवळ काहीही साधन उरलेलं नाही. ही सही दिल्याशिवाय सरकारी पीठ मिळत नव्हतं. त्या सहीच्या बदल्यात पिठाची दोन अर्धी पिंपं मिळाली. स्वाभिमानी माणसाला ते पीठ कसं गिळवलं असेल? लॉराने आपल्या पुस्तकांत ही सही लिहिलेली नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. त्याच महिन्यात मुलगा झाला होता. पुढच्या वर्षी जमीन विकून सगळे आयोवाकडे निघाले, आणि वाटेत ऑगस्टमध्ये ते बाळ गेलं. नऊ महिन्यांचं होतं. आयोवात त्यांनी एका खाणावळीत काम केलं, तिथे ग्रेस जन्मली, मग परत वॉलनट ग्रोव्ह. तिथे 1879 मध्ये मेरी आजारी पडली आणि तिची दृष्टी गेली.

त्याच वर्षी रेल्वेच्या कामावर हिशोबनीस म्हणून चार्ल्स डकोटाकडे गेला, आणि 1880 मध्ये डी स्मेट गावाजवळ त्याने लिंकनच्या त्या कायद्याखाली जमीन नोंदवली. पहिलाच हिवाळा असा आला की बर्फात आगगाड्या महिनोन्‌महिने अडकल्या. जळण संपलं तेव्हा घरात वाळल्या गवताचे पीळ वळून जाळले, आणि कॉफीच्या चक्कीत गहू दळून भाकरी केली. पाच वर्षांची अट पुरी करून 1886 मध्ये ती जमीन अखेर त्याच्या नावावर झाली. पन्नाशीचा झाला होता. तरी तिथेही पाऊस दगा द्यायचाच, शेवटी शेत विकून तो गावात सुतारकी करत राहिला.

आता टोळाकडे या, कारण खरं नवल पुढेच आहे. 1877 नंतर मोठी धाड आली नाही. मग लहान थवे दिसले, मग तुरळक, आणि 1902 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबात दोन जिवंत टोळ पकडले गेले ते शेवटचे. पंचवीस-सव्वीस वर्षांत लाखो कोटींवरून दोनावर! 1902 च्याच जूनमध्ये चार्ल्स डी स्मेटमध्ये वारला. ज्याने त्याची पिकं खाल्ली तो शत्रू संपत आलाय हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. उलट, आता येतील, पुढच्या वर्षी येतील, असंच लोक बरीच वर्षं म्हणत राहिले.

इतका प्रचंड प्राणी गेला कुठे? कुणी म्हणालं रानगवे मारले म्हणून, कुणी म्हणालं हवामान बदललं, कुणी म्हणालं तो मेलाच नाही, साध्या नाकतोड्याच्या रूपात दडून बसलाय. 1990 च्या सुमारास वायोमिंगच्या जेफ्री लॉकवूड या शास्त्रज्ञाने वेगळा प्रश्न विचारला. धाड नसते त्या वर्षी टोळ कुठे राहतो?

उत्तर होतं, रॉकी पर्वतातल्या नद्यांच्या खोऱ्यांत. अर्धा खंड झाकणारा हा किडा वाईट वर्षांत आक्रसून काही मोजक्या खोऱ्यांपुरता उरायचा. मादी आपलं पोट जमिनीत खुपसून फेसाळ आवरणात पंचविसेक अंडी घालायची. ती अंडी इंच-दोन इंच खाली, वाळूमिश्रित मातीत, अख्खा हिवाळा पडून असायची. आणि नेमकी तीच खोरी माणसाला हवी होती. लिंकनने कायद्यावर सही केली त्याच 1862 मध्ये मोंटानात ग्रासहॉपर क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. नावात टोळाचाच भाऊबंद, बघा! खाणवाले आले, त्यांना पीठ आणि मांस लागलं, म्हणून शेतकरी आले. पाणी आणि सपाट जमीन फक्त खोऱ्यातच. त्यांनी नांगर धरला, अंडी उलथली. काही उन्हात वाळली, काही पाखरांनी टिपली, काही खोल गाडली गेली. पाट काढून पाणी सोडलं, त्यात काही कुजली. वर गुरांचे खूर. टोळ मारायला कुणी गेलंच नव्हतं. डांबर, आग, प्रार्थना हे सगळं मैदानात चाललं होतं, आणि टोळ मरत होता शेकडो मैल दूर, एखादा माणूस बटाटे लावत होता तिथे.

धाकटी विचारतेय, पण तो दडून बसला नाही हे कशावरून? शहाणी आहेस. लॉकवूडने वायोमिंगच्या डोंगरात एका हिमनदीत शतकांपूर्वी पडलेले, बर्फाने अख्खे राखलेले टोळ शोधून काढले. त्यांतले काही सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे निघाले. संग्रहालयांत टोचून ठेवलेल्या टोळांचे जनुक पुढे आजच्या नाकतोड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा ती एक वेगळी जातच होती असं दिसलं. म्हणजे गेली ती गेलीच.

इंगल्सांचंही तसंच झालं. चार मुली, त्यातल्या फक्त लॉराला मूल वाढवता आलं, रोझ नावाची मुलगी. तीही लेखिका झाली, आणि 1968 मध्ये निपुत्रिक वारली. चार्ल्स आणि कॅरोलिनचा थेट वंशज आज कुणी नाही.

आणि टोळाबरोबर आणखी एक गेला. लांब, वाकड्या चोचीचा, कबुतराएवढा एक पक्षी दर वसंतात अर्जेंटिनाहून निघून उत्तर ध्रुवाकडे उडायचा. वाटेत नेब्रास्काच्या मैदानात उतरून तो जमिनीतली टोळांची अंडी उकरून खायचा, त्यावर ताकद धरून पुढचा प्रवास करायचा. शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा मित्र म्हणायचा तो. बंदुकवाल्यांनी त्याला गाड्या भरभरून मारलं, गवताळ राने नांगरली गेली, आणि उरलेल्यांच्या वाटेवरची अंडीही संपली. 1963 मध्ये बार्बाडोस बेटावर कुणीतरी एक मारला. खात्रीने ओळखता आलेला तो शेवटचा. त्यानंतरही अधूनमधून कुणी म्हणतं, मी पाहिला, पण अजून एकाचंही म्हणणं पक्कं ठरलेलं नाही.