३३ इंचांचा ओटा

जामनेरच्या एका नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात मी एका बाईंना लाकडी पाटावर उभं राहून भाकरी थापताना पाहिलं. काळा ग्रॅनाइट, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, छतापर्यंत टाईल्स, आणि ओट्यापुढे पाट. भाकरीला वरून जोर लावावा लागतो. ओटा उंच झालेला, म्हणून पाट. एवढा पैसा ओतलेल्या घरात हे कुणालाच खटकत नव्हतं. मला खटकलं. ज्या मिस्त्रींनी तो ओटा बांधला त्यांचं पुढचं काम दोन गल्ल्या सोडून चालू होतं, तिथे मी गेलो.

हे घर जुनं. पुढची खोली अजून धाब्याची, मागच्या स्वयंपाकघरावर कधीतरी स्लॅब पडलेला. कडप्प्याचा जुना ओटा सकाळीच फोडून झाला होता. मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, भिंतीवर रेघ मारली आणि कुणी न विचारता म्हणाले, "३३."

घरातल्या जिजी दारात उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, अंगाने लहानखुरी बाई. त्यांचा कोपर जमिनीपासून किती उंच येतो ते मोजू या का, असं मी विचारलं. मिस्त्रींनी टेप लावला: जेमतेम ३६. उभ्याने मळायला, थापायला, चिरायला ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा, म्हणजे जिजींना ३१. मिस्त्रींच्या ३३वर शेगडीचे पाच-सहा इंच धरले तर कढईचं बूडच त्यांच्या कोपराच्या वर जातो. मग भाजी परतताना खांदा उचलायचा, आणि हे दिवसातून दोनदा, पुढची कितीतरी वर्षं.

"शोरूममध्ये ३३-३४च असतो, गिऱ्हाईक तेच बघून येतं," मिस्त्री म्हणाले. यात त्यांची एकट्याची चूक नाही. टाईल्सचा रंग मुलाला विचारला होता, ट्रॉल्या सुनेला दाखवल्या होत्या, प्लगच्या जागा वायरमनने ठरवल्या होत्या. भिंत चारही बाजूंनी मोजली होती. त्या भिंतीपुढे जिने उभं राहायचं तिचं माप घ्यायचं मात्र राहिलं होतं.

पुढची कामं भराभर झाली. भिंतीत झिऱ्या मारल्या, पाईप बसले, वायरिंगच्या नळ्या गेल्या. प्लंबर झिऱ्या लगेच बुजवायला निघाला तेव्हा मिस्त्रींनी त्याला अडवलं. इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर जुन्या भिंतीही हलतात. एखादा जोड कच्चा राहिला तर तो टाईल्सच्या आड झिरपत राहतो आणि वर्षभराने शेजारच्या खोलीत ओल दिसते. म्हणून पाईपांची तोंडं बंद करून, आत दाबाने पाणी भरून, एक पूर्ण दिवस तसंच ठेवायचं. घरच्यांना घाई होती. मिस्त्री हलले नाहीत, आणि तेव्हा मला हा माणूस मनापासून आवडला.

सिलिंडरवरून थोडी ओढाताण झाली. मुलाला तो ओट्याखाली बंद कप्प्यात हवा होता, बाहेरून दिसू नये म्हणून. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. त्या कप्प्याला अगदी खाली जाळी हवीच, आणि रबरी नळी दीड मीटरच्या आत, भिंतीतून न नेता. चिमणीचंही तसंच. तिचा पाईप तीन वळणं घेऊन पुढच्या बाजूला काढायचं ठरत होतं. काळ्या मसाल्याच्या फोडणीचा ठसका तीन वळणं पार करत नाही, घरातच रेंगाळतो. शेवटी शेगडीमागच्या भिंतीला सरळ भोक पाडायचं ठरलं.

या सगळ्या गडबडीत सिमेंटच्या पोत्यांवर एक खापर पालथं ठेवलेलं होतं. मजुरांनी ते दोनदा हलवलं, जिजींनी दोनदा उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. "हे कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं.

नकाशात त्याला जागा नव्हती. खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे, लाटण्याने होत नाही. ती हातांवर फिरवत, पसरवत कोपरांपर्यंत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर वरून अलगद सोडायची. ३१चा ओटा धरला तरी त्यावर शेगडी, त्यावर खापराचा घुमट, म्हणजे तो थेट जिजींच्या खांद्यापाशी येतो. एवढ्या उंचीवर पोळी सोडणार कशी? शिवाय बर्नरची आच मधेच लागते, कडा कच्च्या राहतात. खापराला बसकी चूलच हवी, लाकडाचा जाळ हवा आणि बाईला बसायला जागा हवी.

मिस्त्रींनी मागच्या पडवीत जाऊन पाहिलं. तिथे कोपऱ्यात फूटभर उंचीचा छोटा ओटा, त्यावर चुलीची जागा आणि पत्र्यातून धुराडं बसत होतं. उरलेल्या विटा आणि कडप्प्याचे फोडलेले तुकडे त्याला पुरले असते. मजुरी तेवढी वेगळी.

"तयार मांडे विकत मिळतात आता," मुलगा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

जिजींनी खापर पोत्यांवरून उचललं आणि पडवीत नेऊन ठेवलं. "पोरी आखाजीच्या सणाला येतात," त्या म्हणाल्या. "आखाजी पुढच्या महिन्यात आहे, पुढच्या वर्षी नाही."