रजेचं नियोजन आखाजीलाच करा

नोव्हेंबर लागला की चोपडा तालुक्यात कुणालाच सवड नसते. कपाशीची वेचणी चालू, जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग, ऊसतोड सुरू, हरभऱ्याला पाणी द्यायचं. मार्गशीर्षात लग्नं, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा. नेमकं याच दिवसांत नोकरदाराचं रजेचं वर्ष संपत येतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे अर्ज एकदम साहेबांच्या टेबलावर येतात, आणि तीन कारकुनांच्या कचेरीतून तिघांनाही सोडणं साहेबांच्या हातात नसतं. सरकारी कचेऱ्यांत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचीही भर पडते. कुठल्या प्रश्नाची माहिती कधी मागवतील याचा नेम नसतो.

सगळ्याच रजा 31 डिसेंबरला बुडत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची वर्षाची 8 दिवसांची नैमित्तिक रजा बुडते. ती पुढच्या वर्षात जात नाही. अर्जित रजेचं तसं नाही. 1981 च्या रजा नियमांप्रमाणे ती 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अशी खात्यावर पडते आणि 300 दिवसांपर्यंत साठते. निवृत्तीच्या वेळी रोखीकरण होतं तेही 300 दिवसांपर्यंतच. म्हणून नव्या माणसानं डिसेंबरात घाबरून अर्जित रजा उधळायचं कारण नाही. तीनशेच्या काठावर पोचलेल्या जुन्या माणसानं मात्र जानेवारी आणि जुलैच्या आधी आपलं रजेचं खातं उघडून बघायलाच हवं.

खरी गैरसोय हंगामी धंद्यांत होते. कारखान्यांत वर्षानुवर्षं 1948 च्या कारखाना अधिनियमाचं कलम 79 लागू होतं. वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, आणि 30 दिवसांपर्यंतची शिल्लक पुढच्या वर्षात. हे वर्ष मोजायचं जानेवारी ते डिसेंबर. साखर कारखान्याचा गळीत हंगाम मात्र दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे रजेचं वर्ष संपतं तेव्हा गव्हाण धडधडत असते. त्या दिवसांत पाळीवरचा माणूस सोडा म्हणणं सोपं नाही. मग त्याची रजा कुठे बसायची? हंगाम संपल्यावर, आखाजीपासून पोळ्यापर्यंत. लेकीबाळी माहेरी येतात, कानबाई बसते, ते दिवस रजेचे. वर्षाचा तक्ता तेव्हाच भिंतीवर लागला, तर डिसेंबरात ओढाताण होणार नाही.

आता नियमही बदलला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्यात 240 ऐवजी 180 दिवस पुरतात, आणि वर्षअखेरीला कामगारानं मागणी केली तर रजेचे पैसेही मिळतात.

या सगळ्यात कामगारांना फारशी माहीत नसलेली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या कायद्यातही ती होती आणि नव्या संहितेतही आहे: नियमाप्रमाणे रजा मागितली आणि ती नाकारली गेली, तर ती नाकारलेली रजा कितीही दिवसांची असो, पुढे नेता येते. तिला तीसची मर्यादा नाही. दुकानं आणि आस्थापनांसाठी राज्याचा 2017 चा कायदा आहे. त्यात रजा 45 दिवसांपर्यंत साठते; पंधरा दिवस आधी अर्ज करूनही ती दिली नाही, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. पण दोन्हीकडे हक्क उभा राहतो तो अर्जावर. ‘साहेब म्हणाले, नंतर बघू’ याचा पुरावा कुठून आणायचा? म्हणून अर्ज लेखीच करावा, तारीख घालावी, पोच घ्यावी आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. यात साहेबांशी भांडण नाही. चांगल्या साहेबालाही वरच्या कचेरीला दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

चोपड्याच्या बाजारपेठेत दोन-तीन नोकरांवर चालणारी दुकानं पुष्कळ आहेत. 2017 चा हा कायदा मुळातच दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आला, त्यामुळे तिथल्या पोरांना साठवायला रजाच नाही. शेतातल्या सालदाराचं तर साल आखाजीला ठरतं आणि आखाजीलाच फिटतं. त्याच्या हिशेबात रजेचा रकाना नसतो, खाड्यांचा असतो, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. बुडणाऱ्या रजेची चर्चा करताना ज्यांच्या नावावर एकही पगारी दिवस नाही, त्यांच्यासाठी वर्षाला निदान आठ दिवस तरी तालुक्यातल्या व्यापाऱ्यांनी आणि बागायतदारांनी आपणहून ठरवावेत. येत्या आखाजीला साल ठरवतानाच ते बोलून घेता येईल.